नोंदणी २६ फेऱ्यांची, क्लेम किती फेऱ्यांचा? मेडिकेडमधल्या राइडशेअर बिलिंगचे एक प्रकरण

मार्च २०२५, फिनिक्स, ॲरिझोना. मूत्रपिंडे निकामी झालेली एक रुग्ण सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला जाते. घरापासून केंद्र ७.४ मैलांवर आहे. खुर्ची दुपारी साडेबाराची मिळते, मशीन साडेचारच्या सुमारास सुटते आणि पट्टी बांधून, रक्तदाब तपासून बाहेर पडेपर्यंत पाच वाजत येतात. तिच्याकडे गाडी नाही, त्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची अमेरिकेतली सरकारी आरोग्यविमा योजना, देते. मार्चमध्ये डायलिसिसचे १३ दिवस होते, म्हणजे २६ फेऱ्या. क्लेमही २६ फेऱ्यांचे गेले आणि एप्रिलमध्ये पैसे आले. जुलैत, राज्याच्या वतीने मेडिकेड चालवणाऱ्या आरोग्य योजनेचे पत्र आले: या १३ तारखांच्या ट्रिप-नोंदी पाठवा.

नोंदी जुळवल्यावर दिसले की गाडीत रुग्ण बसलेली होती अशा फेऱ्या २४ आहेत आणि त्या चोविसांतली एक क्लेममध्ये नाहीच. म्हणजे पाठवलेल्या २६ पैकी २३ खऱ्या, तीन कधी झाल्याच नाहीत आणि जी चोविसावी झाली तिचे बिल कोणी केले नाही.

रुग्ण, वाहतूक कंपनी आणि घटनाक्रम हे सगळे शिकवण्यासाठी रचलेले आहे. कायदे, कोड आणि मुदती मात्र प्रत्यक्षातल्या आहेत. पुण्यात, नवी मुंबईत, नागपुरात रात्रपाळीला बसून अमेरिकन क्लेमवर काम करणाऱ्यांच्या हाताखालून अशा फाइली जातात, म्हणून हे प्रकरण तारीख-तारीख उलगडले आहे.

गाडीचे पैसे मेडिकेड का देते

आपल्याकडे सरकारी खर्चाने रुग्णाला नेणे म्हटले की १०८ ची रुग्णवाहिका आठवते. इथला विषय वेगळा आहे. ही आणीबाणी नसलेली वाहतूक आहे, म्हणजे चालता-बोलता माणूस ठरलेल्या उपचाराला जातो आणि परत येतो. मेडिकेडच्या संघीय नियमांत, ४२ सीएफआर (संघीय नियमसंहिता) ४३१.५३ मध्ये, लाभार्थ्याला उपचाराच्या ठिकाणी पोचवण्याची हमी राज्याने द्यायची आहे. ही हमी बरीच वर्षे फक्त नियमात होती. २७ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या एकत्रित विनियोजन कायद्याच्या कलम २०९ ने ती थेट कायद्यात आणली. त्याच कलमाने गाडी पुरवणाऱ्यासाठी आणि चालकासाठी चार किमान अटी घातल्या आणि त्यांत राइडशेअर, म्हणजे ॲपवरून चालकासह खासगी गाडी पुरवणाऱ्या, कंपन्यांचा नावानिशी उल्लेख केला. पुरवठादार किंवा चालक संघीय आरोग्य योजनांमधून वगळलेला नसावा. प्रत्येक चालकाकडे वैध परवाना असावा. अमली पदार्थांच्या कायद्याचा भंग झाला तर काय करायचे याची पद्धत कंपनीकडे असावी. चालकाचा वाहन चालवण्याचा इतिहास, वाहतूक-गुन्ह्यांसकट, राज्याला कळवण्याची पद्धतही असावी.

ॲरिझोना मेडिकेडमध्ये सगळ्यांत शेवटी, १९८२ मध्ये, आले. तिथल्या कार्यक्रमाच्या आद्याक्षरांचा उच्चार ‘ॲक्सेस’ होतो. राइडशेअरच्या बाबतीत मात्र हे राज्य पुढे होते. मे २०१९ पासून तिथे राइडशेअर कंपनीला स्वतः मेडिकेड पुरवठादार म्हणून नोंदणी करता येते. त्याला एक अट आहे: ज्या लाभार्थ्याला प्रवासात कोणाच्या मदतीची गरज नाही, त्यालाच ही गाडी द्यायची. ही अट पुढे २० मार्चच्या फेरीत महत्त्वाची ठरते.

मेडिकेअरशी गल्लत करू नका, ती मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांची संघीय विमा योजना आहे. मूळ मेडिकेअर फक्त रुग्णवाहिकेचा खर्च पाहते, टॅक्सीसारख्या गाडीचा नाही. पण डायलिसिसच्या रुग्णांकडे बहुधा मेडिकेअरही असते, कारण केंद्रात जाऊन डायलिसिस घेणाऱ्याला चौथ्या महिन्यापासून तिची पात्रता मिळते. त्या रुग्णाने मेडिकेअर ॲडव्हान्टेज, म्हणजे खासगी कंपनीमार्फत चालणारी मेडिकेअर योजना, घेतली असेल आणि त्या योजनेत वर्षाला ठरावीक फेऱ्या असतील, तर आधी त्या वापराव्या लागतात. मेडिकेड शेवटचा दाता आहे. ही तपासणी राहिली तर डिनायल सीओ-२२, म्हणजे ‘दुसरा दाता असू शकतो’ असा नकार, येते आणि ते योग्यच असते.

पैसे कोणत्या वाटेने येतात

तीन वाटा आहेत. ज्या राज्यात ब्रोकर, म्हणजे वाहतुकीची सोय लावणारा मध्यस्थ, आहे तिथे त्याला बहुधा दर लाभार्थ्यामागे दरमहा ठरावीक रक्कम मिळते आणि तो गाडीवाल्याला कराराच्या दराने पैसे देतो. दुसऱ्या वाटेत राइडशेअर कंपनी स्वतः पुरवठादार म्हणून क्लेम करते. तिसऱ्या वाटेत नोंदणीकृत छोटी वाहतूक कंपनी आपल्या गाड्या कमी पडल्या की ॲपच्या आरोग्यसेवा खात्यातून गाडी मागवते आणि क्लेम स्वतःच्या नावाने पाठवते. हे प्रकरण तिसऱ्या वाटेचे आहे. चुकाही याच वाटेवर सर्वांत जास्त होतात, कारण गाडी एकाची, नोंद दुसऱ्याची आणि बिल तिसऱ्याने केलेले असते.

या कंपनीच्या करारात उपकंत्राटाची लेखी परवानगी होती आणि राइडशेअर कंपनीचे नाव जोडपत्रात होते. ते नसते तर पुढचा हिशोब करण्यात अर्थच नव्हता, सगळ्या फेऱ्या परत गेल्या असत्या. म्हणून अशी फाइल हातात आली की कोड बघण्याआधी हे जोडपत्र मागा.

करारानुसार कोड असे होते: प्रत्येक फेरीला मूळ आकार ए०१००, म्हणजे आणीबाणी नसलेली टॅक्सी, आणि मैलांसाठी एस०२१५. कोडला जोडायचा मॉडिफायर दोन अक्षरांचा असतो, पहिले अक्षर निघाल्याचे ठिकाण आणि दुसरे पोचल्याचे. घर म्हणजे आर, रुग्णालयाबाहेरचे स्वतंत्र डायलिसिस केंद्र म्हणजे जे, रुग्णालयातले डायलिसिस केंद्र म्हणजे जी, रुग्णालय म्हणजे एच, डॉक्टरचा दवाखाना म्हणजे पी. म्हणून जाताना आरजे आणि येताना जेआर. निदानाचा कोड एन१८.६ (मूत्रपिंडे निकामी), सोबत झेड९९.२ (डायलिसिसवर अवलंबून). जे आणि जी यांची अदलाबदल वरचेवर होते. केंद्र रुग्णालयाच्या आवारात दिसते म्हणून जी लावला जातो, पण ते स्वतंत्र परवान्याचे असू शकते. केंद्राच्या स्वतःच्या क्लेमवर काय आहे ते पाहून ठरवा.

राज्य बदलले की कोडही बदलतो. कुठे राइडशेअरला ए०१०० चालतो, कुठे टी२००३, म्हणजे आणीबाणी नसलेली एक फेरी, मागतात, कुठे दोन्ही फेऱ्या एका ओळीत दोन युनिट म्हणून लिहायच्या असतात. एका तारखेला तोच कोड मॉडिफायरशिवाय दोन ओळींत गेला तर दुसरी ओळ ओए-१८ म्हणजे दुबार म्हणून पडते. दर इथे मुद्दाम दिलेले नाहीत. ते राज्यानुसार आणि तारखेनुसार बदलतात, आणि या प्रकरणाचा सगळा हिशोब युनिट आणि मैलांत नीट कळतो.

चूक कुठून सुरू झाली

डायलिसिससारख्या ठरलेल्या उपचाराला रोज नवी नोंदणी करत नाहीत. एक कायमची नोंदणी असते, तिला स्टँडिंग ऑर्डर म्हणतात. दर सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळी पावणेबाराला घरून, परतीची फेरी केंद्राने फोन केल्यावर. बिलिंगच्या सॉफ्टवेअरने मार्चचे क्लेम या स्टँडिंग ऑर्डरवरून तयार केले. १३ तारखा, प्रत्येक तारखेला चार ओळी, फेरीला ८ मैल. एकूण २६ मूळ आकार आणि २०८ मैल.

फेरी ठरली म्हणून पैसे मिळत नाहीत, ती झाली म्हणून मिळतात. मेडिकेडच्या वाहतुकीचे देयक लाभार्थी गाडीत असतानाच्या प्रवासाचे असते. रिकामी गाडी, वाट पाहणे, हुकलेली फेरी यांचा खर्च दर ठरवताना राज्य लक्षात घेऊ शकते, पण त्याची स्वतंत्र फेरी म्हणून क्लेम करता येत नाही. हे तत्त्व सगळ्यांना ठाऊक असते. तरीही नोंदणीतून क्लेम काढायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते आणि महिनाअखेरीस ती वापरली जाते.

तारीख-तारीख

मार्चमध्ये ॲपच्या खात्यावर २७ ओळी लागल्या. २४ पूर्ण फेऱ्यांच्या आणि तीन न झालेल्या फेऱ्यांच्या शुल्काच्या.

१० मार्च, सोमवार. चालक पावणेबाराच्या सुमारास आला, पण वसाहतीच्या मागच्या फाटकावर थांबला, कारण नकाशावरची खूण तिथे होती. रुग्ण पुढच्या फाटकावर उभी होती. काही मिनिटे वाट पाहून चालकाने ‘प्रवासी आला नाही’ असे नोंदवले आणि तो निघून गेला. दुसरी गाडी १२ वाजायच्या आत आली, पण डायलिसिस २० मिनिटे उशिरा लागले. पहिल्या गाडीचे शुल्क ॲपने कंपनीकडून घेतले. ते मेडिकेडला लावता येत नाही आणि रुग्णाकडूनही मागता येत नाही. ४२ सीएफआर ४४७.१५ नुसार मेडिकेडने दिलेली रक्कम म्हणजे पूर्ण मोबदला, योजनेने ठरवलेला रुग्णाचा वाटा असला तर तो सोडता त्यावर रुग्णाकडून काही घ्यायचे नाही. दुसऱ्या गाडीची फेरी मात्र पूर्ण देय आहे. अशा रुग्णाच्या नोंदीत पत्त्याबरोबर फाटकाची खूण बसवून ठेवली की हा प्रकार थांबतो. ही साधी गोष्ट आहे, पण डायलिसिसच्या रुग्णाला वीस मिनिटे कमी मिळाली तर शरीरातले पाणी तेवढे कमी निघते.

१७ मार्च, सोमवार. जाण्याची फेरी झाली. साडेबाराला डायलिसिस लागले आणि पाऊण तासाच्या आत रक्तदाब घसरला. केंद्राने ९११ ला फोन केला, रुग्णवाहिकेने तिला रुग्णालयात नेले. रुग्णवाहिकेचे बिल रुग्णवाहिका सेवा करते, त्याचा या क्लेमशी संबंध नाही. जाण्याची फेरी देय आहे, कारण रुग्ण पोचली आणि उपचार सुरू झाला. पण परतीची गाडी केंद्राच्या वेळापत्रकावरून आधीच बोलावली गेली होती. चालक आला, रुग्ण नव्हती, रद्द-शुल्क लागले. क्लेममध्ये ही परतीची फेरी पूर्ण झाली म्हणून गेली होती.

१९ मार्च, बुधवार. रुग्ण रुग्णालयात दाखल होती आणि तिचे डायलिसिस तिथेच झाले. स्टँडिंग ऑर्डर कोणी थांबवली नव्हती, त्यामुळे पावणेबाराला गाडी घराशी आली आणि रिकामी गेली. परतीसाठी केंद्राकडून फोन आला नाही, म्हणून दुसरी गाडी सुटली नाही. क्लेममध्ये दोन्ही फेऱ्या होत्या. जुलैचे पत्र आले ते याच तारखेमुळे. रुग्णालयाचा क्लेम योजनेकडे पोचला, त्यात दाखल १७ आणि सुटी २० अशा तारखा होत्या. आंतररुग्ण असलेल्या दिवशी घर ते केंद्र अशी फेरी दिसली की योजनेची संगणकीय चाळणी तिला अडवते, आणि पैसे दिल्यावरही मागे जाऊन शोधते. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांच्या लेखापरीक्षणांत ही त्रुटी अनेक राज्यांत आढळली आहे: वाहतुकीचा क्लेम आहे, पण त्या दिवशी पोचण्यासारखा उपचार कुठेच नाही.

२० मार्च, गुरुवार. रुग्णालयातून सुटी. सुटीचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याने ॲपवरची गाडी बोलावली, अंतर ११.२ मैल, मॉडिफायर एचआर. ही फेरी पूर्ण देय होती. पण गुरुवार स्टँडिंग ऑर्डरमध्ये नाही, म्हणून क्लेम निघाला नाही. इथे एक तपासणी हवीच: सुटीच्या कागदावर रुग्ण वॉकर घेऊन कोणाच्या मदतीशिवाय चालते असे लिहिले होते, म्हणून राइडशेअर योग्य ठरली. तिथे ‘एका माणसाचा आधार लागतो’ असे असते तर ही गाडी द्यायलाच नको होती. राइडशेअरचा चालक दारापर्यंत येऊन हात धरेल अशी अपेक्षा धरता येत नाही, तो रस्त्याच्या कडेपासून रस्त्याच्या कडेपर्यंत नेतो. रुग्णालयातून आल्यावर गरजेची पातळी पुन्हा ठरवावी लागते, जुन्या फॉर्मवर पुढच्या महिन्याच्या फेऱ्या चालवू नयेत.

२६ मार्च, बुधवार. मुलगी सोबत गेली. कोडरने टी२००१, म्हणजे सोबतीचा माणूस, अशी ओळ जोडली. हा कोड रुग्णाला वैद्यकीय गरज म्हणून लागणाऱ्या आणि आधी मंजूर झालेल्या मदतनिसासाठी आहे. कुटुंबातले कोणी शेजारी बसले म्हणून गाडीचा खर्च वाढत नाही आणि कोडही लागत नाही. ओळ काढली. याहून काळजीची बाब पुढची आहे: तिला मदतनीस खरोखर लागत असेल, तर मग ती राइडशेअरची प्रवासी कशी, हा प्रश्न योजना विचारणारच.

२८ मार्च, शुक्रवार. परतताना रुग्णाने चालकाला किराणा दुकानाशी थांबायला सांगितले. ॲपवर प्रवास १०.६ मैलांचा झाला. किराणा म्हणजे उपचार नाही. मंजूर मार्गाचे ७.४ मैल तेवढे देय. औषधाच्या दुकानाशी थांबा अनेक ठिकाणी मान्य असतो, पण तोही आधी मंजुरीत असायला हवा. या तारखेचा धडा असा की ॲपचे खाते डोळे झाकून क्लेममध्ये ओतणे हाही उपाय नाही. खात्यात काय झाले ते असते, मंजुरीत काय देय आहे ते असते, आणि क्लेम दोन्ही जुळल्यावरच निघतो.

उरलेल्या तारखांना दोन्ही फेऱ्या बिनतक्रार झाल्या.

मैल

अंतर ७.४. सॉफ्टवेअरने प्रत्येक फेरी वरच्या पूर्णांकावर नेऊन ८ केली. करारात ‘जवळचा पूर्ण मैल’ होता, म्हणजे ७. काही योजना दशांशात मैल घेतात, काही पूर्णांकात, त्यामुळे प्रत्येक दात्यासाठी हा एक आकडा सॉफ्टवेअरमध्ये वेगळा बसवावा लागतो. फेरीला एक मैल किरकोळ वाटतो. पण चूक प्रत्येक रुग्णाला, प्रत्येक फेरीला, एकाच दिशेने होत असेल तर तपासनीस नमुन्यावरून सगळ्या वर्षाचा अंदाज काढतात आणि तीच टक्केवारी पूर्ण रकमेला लावतात.

मैल फक्त रुग्ण गाडीत असतानाचे मोजायचे. चालक रिकामी गाडी घेऊन तिच्यापर्यंत येतो ते अंतर धरायचे नाही. ॲपच्या फाइलमध्ये दोन्ही अंतरे शेजारच्या रकान्यांत असतात, चुकीचा रकाना ओढला गेला की सगळा महिना बिघडतो.

गर्दीच्या वेळी ॲपचे भाडे वाढते. मेडिकेडचा दर तसाच राहतो. वाढीव रक्कम कंपनीच्या खिशातून जाते, ती मैल वाढवून किंवा टी२००७ चा प्रतीक्षा-आकार लावून भरून काढता येत नाही. टी२००७ अर्ध्या तासाच्या युनिटात असतो आणि नेणारी गाडी रुग्णासाठी थांबून राहिली तरच लागतो. राइडशेअरमध्ये जाण्याची गाडी निघून जाते आणि परतीला वेगळी येते, म्हणून हा कोड इथे बसतच नाही. टोलसाठी ए०१७० आहे, पण ॲरिझोनात टोलरस्तेच नाहीत. तिथल्या क्लेमवर हा कोड दिसला तर थांबून पाहा.

पाच वाजल्यानंतरची तारीख

तपासणीत सर्वांत जास्त वेळ या भागाने खाल्ला. ॲपच्या निर्यात फाइलमध्ये वेळ जागतिक प्रमाणवेळेत होती. फिनिक्स त्याच्या सात तास मागे आहे आणि ॲरिझोना, नवाहो राष्ट्राचा, म्हणजे तिथल्या मूलनिवासींचा, भाग सोडता, उन्हाळ्यात घड्याळ पुढे नेत नाही, म्हणून हा फरक वर्षभर सातच. परिणामी फिनिक्समध्ये संध्याकाळी पाचनंतर सुरू झालेली प्रत्येक फेरी फाइलमध्ये दुसऱ्या दिवसाच्या तारखेवर दिसते.

डायलिसिसहून परतीच्या अकरा फेऱ्यांपैकी सात पाचनंतर सुरू झाल्या होत्या. शुक्रवार ७ मार्चची ५ वाजून १० मिनिटांची फेरी फाइलमध्ये शनिवार ८ मार्च, ० वाजून १० मिनिटे अशी आली. शनिवारी डायलिसिस नाही. म्हणजे योजनेच्या तपासनिसाला सात दिवशी क्लेम आहे पण परतीची गाडी नाही, आणि सात दिवशी गाडी आहे पण उपचार नाही, असे दिसले. खऱ्या फेऱ्या खोट्या वाटू लागल्या. पुण्यात तीच वेळ भारतीय घड्याळात पाहिली तर शनिवारी पहाटेचे ५ वाजून ४० मिनिटे होतात, फिनिक्सच्या साडेबारा तास पुढे. फाइल कोणत्या घड्याळाची आहे हे तिच्या पहिल्या ओळीत लिहिलेले नसेल तर तिला हात लावू नये.

यात आणखी एक फसवी जागा आहे. ३१ मार्च, सोमवारची परतीची फेरी पाचनंतरची, म्हणून ती फाइलमध्ये १ एप्रिलला गेली. उलट २८ फेब्रुवारी, शुक्रवारची परतीची फेरीही पाचनंतरची, ती १ मार्चला आली. मार्चच्या फाइलमधली एक ओळ गेली, एक आली, एकूण २७ च राहिल्या. खात्यावर २७, फाइलमध्ये २७, म्हणून पहिल्या तपासणीत महिना बरोबर धरला गेला. एकूण जुळणे पुरेसे नसते, प्रत्येक ओळ तारखेसह जुळवावी लागते. उपाय सोपा आहे: आयात करतानाच वेळ पिकअपच्या ठिकाणच्या घड्याळात बदला, सेवेची तारीख फेरीच्या सुरुवातीवरून घ्या, आणि महिन्याच्या दोन्ही बाजूंना एकेक दिवस जास्तीची फाइल काढा.

नोंद कोणाची

कंपनीच्या ट्रिप-अहवालाचा छापील नमुना होता. त्यात कंपनीच्याच एका गाडीचा क्रमांक आधीपासून भरलेला होता आणि प्रवाशाच्या सहीच्या जागी ‘सही दप्तरी आहे’ असे होते. गाडी प्रत्येक वेळी वेगळी, चालक वेगळा, आणि राइडशेअरचा चालक सही घेत नाही. त्यामुळे हे अहवाल आतल्या फेऱ्या खऱ्या असूनही खोटे ठरत होते.

राइडशेअरच्या फेरीचा पुरावा म्हणजे चालकाची ॲपमधली ओळख, वाहनाचा परवाना क्रमांक, पिकअप आणि ड्रॉपची वेळ अक्षांश-रेखांशासह, प्रत्यक्ष मार्ग आणि फेरीचा स्वतःचा क्रमांक. हे सगळे कंपनीला ॲपकडून मिळते, पण करारात ते मागण्याचा आणि जपण्याचा हक्क लिहून घ्यावा लागतो. न्यूयॉर्कसारख्या राज्यात चालकाचा परवाना आणि गाडीचा क्रमांक क्लेमवरच द्यावा लागतो, तिथे ‘नंतर देतो’ चालत नाही. व्यवस्थापित योजनांच्या, म्हणजे राज्याने मेडिकेड चालवायला नेमलेल्या आरोग्य योजनांच्या, कामात नोंदी किमान १० वर्षे ठेवायच्या असतात. पूर्ण मार्गाची फाइल ॲपच्या पडद्यावर कायम राहील असे धरू नका, दर महिन्याला स्वतःकडे उतरवून घ्या. उपचाराच्या बाजूने केंद्राच्या नोंदवहीतली मशीन लागल्याची आणि सुटल्याची वेळ घ्या. गाडीची नोंद आणि मशीनची नोंद शेजारी ठेवली की १७ आणि १९ तारखेच्या चुका दोन मिनिटांत दिसतात.

दुरुस्ती

जादा पैसे आले आहेत हे ओळखल्यापासून ६० दिवसांत ते कळवून परत करणे कायद्याने बंधनकारक आहे. ती मुदत जाणूनबुजून चुकवली की साधी चूक खोट्या दाव्यांच्या कायद्याखाली येते आणि तिथे भरपाई तिप्पट आहे. म्हणून पत्राला उत्तर देण्याआधी दुरुस्तीचे क्लेम तयार केले.

बारा तारखांचे क्लेम बदली म्हणून गेले, ८३७पी या इलेक्ट्रॉनिक क्लेमच्या नमुन्यात वारंवारता-कोड ७ (बदली) आणि मूळ क्लेम क्रमांकासह. त्यातल्या अकरांत मैल १६ चे १४ झाले आणि २६ तारखेची टी२००१ ओळही निघाली. १७ तारखेच्या क्लेममध्ये परतीच्या दोन ओळी गेल्या आणि मैल १६ चे ७ झाले. १९ तारखेचा क्लेम पूर्ण रद्द, वारंवारता ८. एकूण तीन मूळ आकार, ४७ मैल आणि एक टी२००१ परत. मूळ क्लेम क्रमांक न देता बदली पाठवली तर ती नवी समजली जाते आणि दुबार म्हणून पडते, ही चूक नव्यांकडून हमखास होते.

२० मार्चची एचआर फेरी वेगळा नवा क्लेम म्हणून गेली: एक ए०१००, एस०२१५ चे ११ मैल. ती जादा पैशांतून वजा करून हिशोब मिटवता येत नाही, परतफेड परतफेडीच्या जागी आणि नवा क्लेम नव्याच्या जागी. ॲरिझोनात पहिला क्लेम सेवेच्या तारखेपासून सहा महिन्यांत पोचावा लागतो, म्हणजे २० सप्टेंबर २०२५ पर्यंत. जुलैत लक्षात आले म्हणून साधले. ऑक्टोबरात आले असते तर सीओ-२९, म्हणजे मुदत संपल्याचा नकार.

पुण्याच्या टेबलावर काय येऊ शकते

मूळ क्लेमची बॅच पुण्यातल्या एका कार्यालयात तयार झाली होती आणि तपासणीत हा स्वतंत्र मुद्दा निघाला. ॲरिझोनाच्या सरकारी करारांत, लाभार्थ्यांच्या वैयक्तिक माहितीशी संबंध येणारे काम अमेरिकेच्या हद्दीतच व्हावे असे कलम असते आणि ते उपकंत्राटदारांनाही लागते. शिवाय मेडिकेडचे देयक अमेरिकेबाहेरच्या संस्थेला करता येत नाही, तो संघीय कायदाच आहे. आणि ४२ सीएफआर ४४७.१० सांगते की पुरवठादाराच्या नावाने पैसे स्वीकारणाऱ्या बिलिंग संस्थेचा मोबदला कामाच्या खर्चावर असावा, वसुलीच्या टक्केवारीवर नसावा. खासगी विम्याच्या कामात टक्केवारीचा करार सर्रास असतो, तोच मेडिकेडच्या कामाला तसाच जोडला जातो, आणि ज्या मुलामुलींनी रात्र जागून क्लेम केले त्यांना या अटीची कल्पनाही दिलेली नसते. काम घेताना राज्याचे नाव विचारा आणि कराराचे हे कलम वाचून दाखवायला सांगा.

या प्रकरणात दुरुस्तीचे सगळे क्लेम फिनिक्समधून गेले. पुण्याकडे रुग्णाची माहिती नसलेले काम राहिले: मैल पूर्णांकात करण्याचा नियम, वेळेचे रूपांतर, मॉडिफायरची तपासणी, आणि नोंदणीतून क्लेम काढायची सॉफ्टवेअरमधली सोय बंद करणे. डायलिसिस केंद्राला एक फोन क्रमांक दिला गेला. रुग्ण आली नाही किंवा रुग्णवाहिकेने गेली तर केंद्र त्या क्रमांकावर कळवते आणि स्टँडिंग ऑर्डर तिथल्या तिथे थांबते. ती पुन्हा सुरू होते ती सुटीचा कागद पाहून, गरजेची पातळी पुन्हा लिहिल्यावरच.